जर्मनीत आइस हॉकीचे सामने पाहण्यासाठी दहा दिवस : कोणता काळ आणि कोणती शहरे निवडावीत?

हिमरसिक (प्रश्न)

नमस्कार. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा संघ अंतिम सामन्यात जादा वेळेत ४-३ असा हरला, तरी त्याने मिळवलेल्या रौप्यपदकामुळे मी या देशाच्या आइस हॉकीकडे ओढला गेलो आणि तेव्हापासून तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचे सामने पडद्यावर सातत्याने पाहत आलो आहे. आता ते प्रत्यक्ष पाहण्यासाठी दहा दिवसांची रजा मिळणार आहे. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि नाताळ ते नववर्षानंतरचे काही दिवस, असे दोन पर्याय माझ्यासमोर आहेत. बर्लिन, कोलोन आणि मानहाइम या तीन मोठ्या संघांची घरची मैदाने पाहावीत, असा प्राथमिक विचार आहे. हा बेत योग्य आहे का, आणि तिकीट बसण्याच्या जागेचे घ्यावे की उभे राहण्याच्या, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रिंककाठ

नोव्हेंबरचा पर्याय सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. त्या महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीगला विश्रांती असते. त्या दिवसांत डॉइचलँड कप ही स्पर्धा पाहता येते, परंतु क्लबांचे सामने पाहायला गेलेल्या माणसाचा आठवडा रिकामा जातो. एरवी लीगचे सामने मुख्यतः शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी होतात, त्यामुळे दहा दिवसांत तीन-चार सामने मिळाले तरी पुष्कळ. नाताळच्या सुमाराला मात्र चित्र पालटते. २६ डिसेंबरला सामने खेळण्याची तिथे परंपराच आहे आणि त्यापुढे नववर्षापर्यंत सामने एकमेकांच्या बरेच जवळ येतात. २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही सार्वजनिक सुट्टीचे दिवस असल्याने दुकाने बंद असतात, एवढे लक्षात ठेवून खाण्यापिण्याची सोय आधी करावी.

तीन मोठ्या शहरांच्या बेताबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. लीगमधील १४ संघांपैकी म्युनिक, आउग्सबुर्ग, इंगोलश्टाट, न्युर्नबर्ग आणि श्ट्राउबिंग हे पाच संघ एकट्या बव्हेरिया राज्यातले आहेत. म्युनिकमध्ये मुक्काम ठेवला, तर उरलेली चारही ठिकाणे प्रादेशिक गाड्यांनी साधारण दोन तासांच्या आत गाठता येतात. रोज सामान बांधून हॉटेल बदलण्यापेक्षा, वेळापत्रक पाहून त्या त्या दिवशी जो संघ घरच्या मैदानावर खेळत असेल तिकडे जावे. म्युनिकच्या संघाचे नवे सभागृह, एसएपी गार्डन, २०२४ मध्ये ऑलिंपिक उद्यानात सुरू झाले. तिथे दहा हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक मावतात. सभागृह उत्तम आहे, पण माझे मन रमले ते आउग्सबुर्गला. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या क्लबची ही परंपरा जर्मनीतील बर्फावरच्या खेळांच्या क्लबांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते, आणि सुमारे सहा हजारांच्या त्या मैदानात उभ्या प्रेक्षकांचे गाणे पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत थांबत नाही.

पूर्वबर्लिनकर

रिंककाठ यांचा प्रवासाचा हिशेब बरोबर आहे, परंतु बर्लिन वगळण्याला माझा ठाम विरोध आहे. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९७० मध्ये या खेळाचा आधार काढून घेतल्यावर तिथल्या अव्वल लीगमध्ये बर्लिन आणि वाइसवासर येथील डायनॅमो हे दोनच संघ उरले, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे ते दोघेच राष्ट्रीय विजेतेपदासाठी पुन्हा पुन्हा एकमेकांशी खेळत राहिले. त्या बर्लिनच्या संघातूनच आजचा आइसबेरेन हा क्लब उभा राहिला. २०२५ पर्यंत त्याने ११ वेळा लीग जिंकली. चौदा हजार प्रेक्षकांच्या झगमगीत ऊबर अरेनामध्ये आजही "डायनॅमो" हा जुना घोष ऐकू येतो, तेव्हा खेळ कळणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पडद्यावर हे पोहोचत नाही. म्युनिकहून वेगवान गाडीने सुमारे चार तास लागतात. दहापैकी दोन दिवस इकडे द्यावेत.

जागेविषयी सांगायचे तर निदान एक सामना उभे राहूनच पाहावा. गोल झाला की निवेदक खेळाडूचे फक्त पहिले नाव पुकारतो आणि आडनाव सगळे मैदान ओरडून पूर्ण करते. नंतर निवेदक "डांके" (धन्यवाद) म्हणतो, त्याला लोक "बिट्टे" (त्यात काय एवढे) असे उत्तर देतात. या देवाणघेवाणीत सामील व्हायला जर्मन भाषा यावी लागत नाही. मात्र यजमान संघाच्या गर्दीत पाहुण्या संघाचा गळपट्टा घालून उभे राहू नये; पाहुण्या समर्थकांसाठी वेगळा विभाग राखलेला असतो.

रूळवाट

तिकिटांइतकेच रेल्वेकडे लक्ष द्यावे. डॉइचलँड टिकेट हा मासिक पास देशभरातील प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांना चालतो आणि २०२६ पासून त्याची किंमत ६३ युरो आहे. लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई गाड्यांना तो चालत नाही. बव्हेरियातील प्रवासासाठी तो पुरेसा आहे, बर्लिनसाठी वेगळे तिकीट काढावे. हा पास वर्गणी स्वरूपाचा असून पुढच्या महिन्याची वर्गणी टाळायची असेल, तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत तो रद्द करावा लागतो. मी ही तारीख चुकवली आणि घरी परतल्यावर आणखी एका महिन्याचे पैसे भरले. आपला प्रवास डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन महिन्यांत विभागलेला असल्याने, पास दोन्ही महिन्यांसाठी परवडतो का, हेही आधी मोजावे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा लागतो.

हिमरसिक

सर्वांचे मनापासून आभार. नाताळचा काळ निश्चित केला आहे. म्युनिकमध्ये सात रात्री आणि शेवटी बर्लिनमध्ये दोन रात्री राहीन. एक शंका उरते : श्ट्राउबिंगचा सामना संध्याकाळी असेल, तर त्याच रात्री म्युनिकला परतता येते का?

रिंककाठ

सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असला तरी मधल्या विश्रांतींमुळे अडीच तास सहज जातात, आणि बरोबरी झाल्यास जादा वेळ व पेनल्टी शॉट यांची भर पडते. परतीच्या वाटेवर गाडी बदलावी लागते, म्हणून रात्रीच्या शेवटच्या जोडगाडीची वेळ आधी पाहावी आणि ती अपुरी वाटल्यास श्ट्राउबिंगलाच एक रात्र राहावे. सुमारे ५०,००० वस्तीच्या त्या गावात सामन्याच्या दिवशी दुसरा विषयच नसतो, त्यामुळे ती रात्र वाया जाणार नाही.