तुमच्या 'ड' गटातलं कोण वर आलं? (अनुभव धागा)

माळ्यावरची_वही
दिवाळीची साफसफाई चालू आहे. काल माळ्यावरून पितळी डबे काढताना खालून एक दोनशेपानी वही निघाली. मागच्या पानापासून लिहिलेली, म्हणजे दादाचीच. पुढून उघडली तर अभ्यास दिसावा म्हणून तो सगळ्या वह्या मागूनच सुरू करायचा. लाल स्केचपेननं आखलेले चार रकाने, अ ब क ड. गेममधली भारी पात्रं अ मध्ये, टाकाऊ ड मध्ये. वर तारीख नोव्हेंबर २०२०.

२ सप्टेंबरला पबजी बंद झालं होतं आणि २८ तारखेला गेन्शिन इम्पॅक्ट हा नवा गेम आला. साताऱ्यात तेव्हा सगळे घरातच. गेम चालेल असा फोन एकच, बाबांचा. खातं एक, टीममध्ये पात्रं चार. दोन दादा निवडणार, दोन मी, असा तह झाला होता.

दादाच्या 'अ' मध्ये डिलुक आणि वेंटी. डिलुक आमच्याकडे नव्हताच, तरी नावाखाली दोन रेघा. 'ड' मध्ये शांगलिंग, शेजारी बारीक अक्षरात 'फुकट'. अबिस म्हणजे गेममधलं मजल्यामजल्यांचं आव्हान, त्याचा तिसरा मजला पार केला की ती सगळ्यांनाच मिळते ना. फुकट मिळालेलं चांगलं कसं असेल, हा आमच्या घरातला जुना हिशेब. मला मात्र ती आवडायची. स्वैपाकीण, आणि सोबत आग ओकणारं अस्वल! दादा म्हणायचा, "घे घे, भांडी घासायला होईल."

मी हट्टानं तिलाच वाढवलं. जोडीला बेनेट. त्याची ठिणगी पाच सेकंदांत परत तयार होते, त्यातली एनर्जी शांगलिंगला गेली की तिचं आगीचं चक्र सुटतं. गंमत अशी की आपण दुसऱ्या कुणाला पुढे आणलं तरी ते चक्र फिरतच राहतं. कुकर लावून भाजी चिरायला बसावं तसं. तिसरा शिंगक्यू. त्यानं समोरच्याला भिजवलं की आगीचा मार दीडपट.

बारावा मजला पहिल्यांदा पार झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. फोन इतका तापलेला की मी तो स्वैपाकघरात माठाला टेकवून खेळत होते. दादा मागे उभा. काही बोलला नाही. पण काल वहीत बघितलं तर शांगलिंगच्या नावापासून एक बाण निघालाय, ड मधून थेट अ मध्ये. कधी काढला कुणास ठाऊक.

तर सांगा, तुम्ही कुणाला तळाला टाकलं होतं आणि नंतर तोंडावर आपटलात? गेम कुठलाही चालेल. शुद्धलेखन कुणी बघणार नाही.

अजिंक्यताऱ्याखाली
माठाला टेकवून 😂😂 आम्ही फोन फरशीवर पालथा ठेवून पाच मिनिटं थांबायचो. आई म्हणायची फोनला ताप आलाय का, पट्टी ठेवू?

कृष्णाकाठ
सांगलीकर. माझं यादीत बसणारं नाही पण सांगतो.
जुलै २०२१. २१ तारखेला गेन्शिनमध्ये इनाझुमा हा नवा प्रदेश उघडला आणि आयाकाचा बॅनर आला, म्हणजे थोडे दिवस ती मिळायची संधी. सत्तर पुल जमवून बसलेलो. दुसऱ्या दिवसापासून कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ बघितलेलं, त्यामुळे यावेळी कुणी वाट बघितली नाही. गॅस, कागदपत्रं, आज्जी, सगळं घेऊन मिरजेला मावशीकडे. फोनला ११ टक्के चार्जिंग आणि मावशीकडे लाइट नाही.
तिसऱ्या दिवशी लाइट आली. पहिलं काय केलं असेल? घरी पाणी कुठवर आलं ते विचारायच्या आधी पुल मारले. (बाबांना अजून माहीत नाही.)
आयाकाऐवजी किकी आली.

भडंग_विथ_चहा
किकी 💀 भावा, महापुरात किकी. यापेक्षा वाईट सांगलीच्या इतिहासात काही नाही

कृष्णाकाठ
थांब की. त्याच किकीनं पुढं दोन महिने अख्खी टीम जिवंत ठेवली. माझ्याकडे दुसरं बरं करणारं कुणी नव्हतंच. याद्यांमध्ये ती कायम तळाला, कारण याद्या करणाऱ्याला मार चुकवता येतो. मला येत नव्हता.

दोन_मुलांची_आई
पुल मारणे म्हणजे काय हो? आमचा मोठा दिवसातून चारदा म्हणतो "फिफ्टी फिफ्टी हरलो" आणि जेवत नाही. मला वाटलं बिस्किटाचं काहीतरी.

खणआळीकर
ताई, भिशी समजा. दर चिठ्ठीला १६० खडे भरायचे. मोठं पात्र कधी निघेल ते नशीब, पण नव्वदाव्या चिठ्ठीला नक्की निघतं. फक्त हवं तेच निघेल असं नाही. जवळपास निम्मी शक्यता अशी की दुसरंच कुणीतरी गळ्यात पडतं. त्याला फिफ्टी फिफ्टी हरणे म्हणतात. मग पुढच्या खेपेला मात्र हवं ते मिळतंच.

दोन_मुलांची_आई
म्हणजे आमच्या भिशीपेक्षा वाईट. आमच्यात निदान पैसे तरी मिळतात. खडे फुकटचे असतात ना पण?

खणआळीकर
खेळून मिळतात. विकतही मिळतात. कार्ड लपवून ठेवा एवढंच सांगतो. मी अकरावीत असताना झोंगलीसाठी... जाऊ दे, त्या रात्री राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत बाबा पुढे आणि मी मागे, न बोलता चालत आलो होतो. आणि ज्याच्यासाठी हे केलं तो डिसेंबर २०२० ला आला तेव्हा सगळे म्हणाले दगडाचा देव आणि मार गुरवाच्या पोराएवढा. फेब्रुवारीत १.३ आवृत्तीत त्याची ताकद वाढवली. ढाल लागली की समोरच्याचा प्रतिकार वीस टक्के कमी. रातोरात सगळ्यांच्या याद्या बदलल्या. बाबांची बदलली नाही.

तालीम_सोडलेला
मी गेम खेळत नाही, पुतण्या खेळतो, त्याच्या फोनवरून वाचतोय. पण नंबर लावायचं बोलताय म्हणून राहवलं नाही. जत्रेच्या फडात आमच्याकडं एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती पंच बसून ठरवतात. इनाम त्यावर. पोस्टर छापून होतं आधीच. आणि दरवर्षी एखादं असं होतं की पंधराव्या नंबरची जोड लोक उभं राहून बघतात आणि एक नंबरवाली दोघं नुसती खडाखडी करत अर्धा तास घालवतात. शेवटी बरोबरीत सोडवायची. कागदावरचा पैलवान आणि मातीवरचा पैलवान वेगळा असतो. आमच्या कराडशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबांना १९५२ ला हेलसिंकीला धाडायला गावाला वर्गणी काढावी लागली होती. ब्राँझ घेऊन आले. तेव्हापासून यादी करणाऱ्यांवर आमचा भरवसा जरा कमीच.

भडंग_विथ_चहा
काका एक नंबर 🙏

तालीम_सोडलेला
पुतण्या म्हणतोय त्याचा फोन द्या. देतो. ती स्वैपाकीण दाखवली त्यानं. अस्वल बरं आहे.

हळदबाजार
कोकोमी!!! कुणी कोकोमीचं नाव कसं घेतलं नाही अजून
सप्टेंबर २०२१ ला आली तेव्हा हॉस्टेलवर पोरांनी मला जगू दिलं नाही. तिला उपजतच क्रिट उणे शंभर. म्हणजे मोठा फटका तिच्या नशिबातच नाही. "एवढे खडे मासोळीवर घातले" वगैरे. मी मिरची मसाला न लावता भडंग खाणारी मुलगी आहे, मला सवय आहे बोलणी खायची.
मग हळूहळू एकेकाला कळायला लागलं की समोरच्याला सतत भिजवून ठेवणं हेच काम आहे. भिजला की गोठवा, भिजला की करंट द्या. आणि ऑगस्ट २०२२ ला ३.० आवृत्तीत गवताचं तत्त्व आलं तेव्हा तर विचारूच नका. पाणी आणि गवत मिळून बी पडतं, त्यावर वीज पडली की ते बी शत्रूला शोधत जातं. त्या वेळी कुकी शिनोबूला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच आलेली, चार तारेवाली, विजेची, बरं करणारी. तिच्या अंगावर सगळी एलिमेंटल मास्टरी, म्हणजे असल्या मिश्रणांचा मार वाढवणारी ताकद, चढवली की बस्स. तिच्यात एका अक्षराचा बदल केला नव्हता, आजूबाजूचं जग बदललं. हॉस्टेलवरची तीच पोरं माझ्याकडे आर्टिफॅक्ट (पात्रांना घालायच्या वस्तू) दाखवायला रांगेत.

अजिंक्यताऱ्याखाली
मिरची मसाला न लावता भडंग?? मग तो चुरमुरा झाला. ब्लॉक.

भडंग_विथ_चहा
माझ्या नावाचा अपमान. लसूण तरी घालतेस का?

हळदबाजार
लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, सगळं घालते. पोटाचा त्रास आहे मला, हसू नका

भडंग_विथ_चहा
बरं मग माफ. लसूण सालीसकट ठेचून तेलात, लाल होईपर्यंत. नंतर गॅस बंद करून मेतकूट टाक चमचाभर, तिखटाची आठवण येणार नाही

उसाचा_फड
वाळवा तालुका. ऊस तोडून आलोय, अंगठा दुखतोय, थोडक्यात लिहितो.
कोण भारी ते विचारणाऱ्यावर असतं. आमच्याकडं उसाच्या २६५ वाणाला टनेज जास्त, पण कारखान्याला विचारा, तो साखर उताऱ्यासाठी ८६०३२ वाणावर खूश. शेतकऱ्याची यादी वेगळी, शेतकी अधिकाऱ्याची वेगळी. दोघंही खोटं बोलत नाहीत.
मी गेन्शिनमध्ये बेनेटला ८६०३२ म्हणतो. नवीन वाण दर दीड महिन्याला येतंय, बॅनर लागतोय, जाहिरात होतेय. हा गडी पहिल्या दिवसापासून शेतात. जमिनीवर रिंगण टाकायचं, त्यात उभं राहिलं की मारही वाढतो आणि जखमही भरते. दिसायला पट्ट्या लावलेलं पोरगं. माझ्या पहिल्या यादीत बिचारा शेवटून दुसरा होता, कारण गेममध्ये त्याला अपशकुनी म्हणतात आणि मी ते मनावर घेतलेलं.

खणआळीकर
बेनेट = ८६०३२ 😂 हे मी उद्या बाबांना सांगणार, निदान गेममधली एक गोष्ट त्यांना समजेल

माळ्यावरची_वही
उसाचा_फड, हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले आणि आईनं विचारलं काय झालं. तिला ऊस कळला, बेनेट कळला नाही.
हळदबाजार, वहीत कुकी नाहीये अर्थात, तेव्हा आलीच नव्हती. पण शेवटच्या पानावर दादानं "यापुढे येणारे" म्हणून पंधरा रिकाम्या रेघा मारून ठेवल्यात. पंधरा! आता शंभरच्या पुढं गेलेत.

ट्रंपकार्ड_टोळी
तुम्ही सगळी कालची पोरं. आमच्या वेळी कुस्तीची ट्रंप कार्डं होती. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप, लढलेल्या फाइट, जिंकलेल्या फाइट. 'रँक एक'वाला पत्ता हातात आला की वर्गात चालच बदलायची. पण समोरच्यानं "वजन" म्हटलं की गेला. माझा भाऊ तळाचे रँकवाले जाडजूड पत्ते मुद्दाम अदलाबदलीत गोळा करायचा आणि फक्त वजन वजन करत अख्खा गठ्ठा जिंकायचा. तो आता कर्ज देतो लोकांना.

अजिंक्यताऱ्याखाली
"तो आता कर्ज देतो" 💀

कृष्णाकाठ
एक गंभीर प्रश्न. स्टार रेल हा गेम कुणी खेळतं का? एप्रिल २०२३ पासून खेळतोय. तिथं पाळीपाळीनं मारायचं असतं म्हणून मला बरं जमतं, कुणाची पाळी आधी येणार ते वेगावर. पण तिथं माझी जुनी पात्रं फार लवकर मागं पडली. गेन्शिनमध्ये शांगलिंग अजून चालते, तिथं पहिल्या वर्षातल्यांना घेऊन वरचे मजले निघेनात. फक्त मलाच असं वाटतंय का?

हळदबाजार
नाही, मलाही. पण वेगाचे बूट तपास आधी. निम्म्या वेळा पात्र वाईट नसतं, बूट वाईट असतात.

कृष्णाकाठ
बूट बघितले. बूट वाईट आहेत.

दोन_मुलांची_आई
मोठ्याला आत्ता विचारलं, तुझ्या ड गटात कोण? तर म्हणे "बार्बरा, पण तू सांगू नकोस, ती माझी पहिली." आणि जेवला. तीन भाकऱ्या.

माळ्यावरची_वही
बार्बरा आमच्याकडेही होती! गाणारी.
बरं, दादाला पानाचा फोटो पाठवला होता. तो पुण्याला, आत्ता उत्तर आलं. बाणाबद्दल चकार शब्द नाही. एवढंच लिहिलंय: "वेंटीला खोडून ब मध्ये तू टाकलंयस, ते अक्षर माझं नाही." वही परत बघितली. खरंच माझं आहे. मला अजिबात आठवत नाही.
शुक्रवारी येतोय. कंदी पेढे आणायला मलाच सांगितलंय, साताऱ्यात येणाऱ्यानं.

खणआळीकर
वेंटीला ब?! हा धागा आता वेगळ्याच दिशेला जाणार

भडंग_विथ_चहा
उद्या. १.२५ झालेत, दीडला एशिया सर्व्हर रिसेट होतो आणि माझे आजचे डेली (गेममधली रोजची कामं) राहिलेत

उसाचा_फड
माझे पण. आणि सकाळी सहाला पाण्याची पाळी आहे.

तालीम_सोडलेला
पुतण्या झोपला. फोन अजून माझ्याकडंच आहे. हे अस्वल आपोआप आग टाकतं का काय दाबावं लागतं?