डीव्हीडीत सगळे जाडे दिसतायत आणि बाबा म्हणतात पिच्चर कापलाय, रविवारच्या आत सांगा प्लीज

जुना_गिरगावकर
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून सरळ विचारतो. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, सोसायटीच्या हॉलमध्ये पिच्चर लावायचाय, जुन्या चाळीतले सगळे येणार आहेत डोंबिवली-विरारहून. डीव्हीडी मागवली, काल रात्री लावून बघितली तर सगळी माणसं आडवी सुटल्यासारखी जाडी दिसतात, आणि बाबा दहा मिनिटं बघून म्हणाले आवाज वेगळा आहे आणि पिच्चर मधेच कापलाय. ही कॉपी ठेवू का परत करू? परत करायची मुदत उद्यापर्यंत आहे. दुसरी कुठली चांगली आहे ते पण सांगा.

चहा_कमी_साखर
पिच्चर कुठला ते तर सांगा!!

विंगेतून
बनवाबनवी असणार. चाळकरी, पंचाहत्तरी, दुसरं काय लावणार. ती बिनधास्त लावा, कितीही खराब प्रिंट असू दे, लोक डायलॉग स्वतःच म्हणतात, आवाज बंद केला तरी चालतंय.

जुना_गिरगावकर
सॉरी सॉरी, "कथा". सई परांजपेंचा. नसीर, फारुख शेख, दीप्ती नवल. मला वाटलं चाळ म्हटल्यावर कळेल.

विंगेतून
अरे वा. मग तर मूळ आपलंच की, स. गं. साठ्यांच्या "ससा आणि कासव" नाटकावरून केलेला. राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला होता. आमच्या घरी एकजण बाशू (पिच्चरमधला फारुख शेख) होता, मामेभाऊ, आठ दिवसांसाठी आला आणि दोन वर्षं राहिला, बाबांचे शर्ट घालून बाहेर जायचा. नाव नाही सांगत, तो पण हा धागा वाचत असेल.

रीळमास्तर
धागाकर्ते, तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. १) डिस्क पाल आहे का एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती), मागे बारीक अक्षरात असतं. २) प्लेअर टीव्हीला कशाने जोडलाय, एचडीएमआय का लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरी. ३) चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत का. ४) एकूण वेळ किती दाखवतंय. हे कळल्याशिवाय "कॉपी चांगली का" याला काय उत्तर देणार, डोंबल?

पानपट्टी२४तास
यूट्यूबवर लावा ना भाऊ फुकट. २०२० नंतर डीव्हीडी कोण घेतं, माझ्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नाही.

रीळमास्तर
फुकट बघायला ठीक आहे हो. पण कोणीतरी वर-खालून चित्र कापून वाइड करून चढवलेलं असतं, उभी माणसं हनुवटीपासून खालीच दिसतात. चाळीच्या पिच्चरमध्ये वरच्या मजल्यावरून कोण वाकून बघतंय हीच तर मजा असते, तेच कापलं तर राहिलं काय?

पानपट्टी२४तास
सगळेच तसे नसतात. तुम्हाला डिस्क विकायच्या आहेत का?

रीळमास्तर
नाही, माझ्याकडे सातशे आहेत त्यातल्या एकाला पण हात लावायची बायकोला परवानगी नाही.

जुना_गिरगावकर
ऑफिसात होतो, आत्ता बघितलं. मागे "पाल" लिहिलंय. प्लेअरला पिवळी-लाल-पांढरीच आहे. काळ्या पट्ट्या आहेत, वर-खाली पण आणि थोड्या बाजूला पण?? नाही, बाजूला नाहीत, तो टीव्हीच्या मागचा पडदा होता. वेळ २ तास १५ मिनिटं दाखवतो. नेटवर सगळीकडे १४१ मिनिटं लिहिलंय, म्हणजे सहा मिनिटं कापली ना? बाबा बरोबर होते!

रीळमास्तर
नाही. थांबा. परत करू नका लगेच.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं चालतो. पाल डीव्हीडी २५ चालते. बहुतेक कंपन्या एक चित्र वाढवायच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ पिच्चर थोडा जोरात पळवतात. १४१ ला २४ ने गुणा, २५ ने भागा, १३५ मिनिटं आणि काही सेकंद येतात. म्हणजे तुमची २ तास १५ मिनिटं. एक शॉट पण कापलेला नसणार.

आणि बाबांना आवाज वेगळा वाटला तो त्याच कारणाने. चार टक्के जोरात म्हणजे सूर पण चढतो, जवळजवळ पाऊण सेमिटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन). साध्या माणसाला कळत नाही. बाबा गातात का?

जुना_गिरगावकर
गात नाहीत, पेटी वाजवतात!! चाळीच्या गणपतीत चाळीस वर्षं. काल पिच्चर बंद करून गाण्याच्या जागी परत परत मागे जाऊन पेटीवर सूर धरून बघत होते, एक पट्टी खाली वाजवायचे मग एक वर, आणि म्हणत होते "हे ना धड काळीत, ना पांढरीत, मधल्या फटीत बसलंय". आई वैतागली, म्हणाली झोपा आता, पंचाहत्तरी रविवारी आहे, तोवर जगायचंय मला.

सूर_नवा_नाही
मास्तर, जरा हळू. जुन्या पिच्चरच्या गाण्यांची पट्टी तशीही ४४० ला (वाद्यं लावायचा ४४० हर्ट्झचा ठरलेला सूर) बांधलेली असतेच असं नाही. टेप मशीनचा वेग इकडेतिकडे, ट्रान्सफरला परत फरक. मी जुन्या गाण्यांवर तबला वाजवतो, निम्मी गाणी दोन पट्ट्यांच्या मधेच लागतात, मूळ रेकॉर्डवर सुद्धा. पेटीवर बसलं नाही म्हणजे पाल, हे सिद्ध होत नाही.

रीळमास्तर
पेटीवरून नाही, वेळेवरून सिद्ध होतं. १३५ आणि १४१ हा हिशोब योगायोगाने जुळतो का?

सूर_नवा_नाही
कापलेला पिच्चर पण १३५ चा असू शकतो. सेन्सॉर सर्टिफिकेट बघायला सांगा, सुरुवातीला असतं त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. मिनिटाला साधारण २७.४ मीटर फिल्म लागते, भागाकार केला की खरी वेळ कळते. सेकंदाला किती चित्रं याचा वाद तिथे येतच नाही.

रीळमास्तर
हे मात्र बरोबर बोललात. धागाकर्ते, सर्टिफिकेट आहे का?

जुना_गिरगावकर
नाही, पहिल्या सेकंदापासून कंपनीचा लोगो गोल गोल फिरतो आणि मग डायरेक्ट पिच्चर.

मुलुंडची_मावशी
बाळा, सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवणार तर परवानगी घेतलीस का? डीव्हीडीवर लिहिलेलं असतं फक्त घरगुती वापरासाठी. आमच्या मंडळात एकदा वरच्या मजल्यावरच्यानेच तक्रार केली होती, पार्किंगवरून राग होता, काढला पिच्चरवर.

पानपट्टी२४तास
मावशी, बावीस म्हातारे आणि वडापाव, कोण येतंय पकडायला.

मुलुंडची_मावशी
नियम तो नियम. आणि वडापाव नको, वयस्कर माणसं आहेत, उपमा ठेव.

आर्काइव्हवाला
खरं सांगायचं तर डिस्कच्या नादी न लागता पुण्याला लॉ कॉलेज रोडवर फिल्म आर्काइव्हमध्ये पत्र लिहून चौकशी करावी. जुन्या पिच्चरची खरी गुणवत्ता प्रिंटमध्येच. सईंचाच "चश्मेबद्दूर" २०१३ च्या एप्रिलमध्ये नीट साफ करून थिएटरात परत लावला होता, मी बघितला, तेव्हा कळलं की इतकी वर्षं टीव्हीवर आपण गढूळ पाण्यातून बघत होतो.

चहा_कमी_साखर
पंचाहत्तरी रविवारी आहे हो. ३५ एमएमचा प्रोजेक्टर सोसायटीच्या हॉलमध्ये कोण आणणार, तुम्ही?

जुना_गिरगावकर
जाडेपणाचं कोणीच सांगितलं नाही अजून 😐

रीळमास्तर
सांगतो. तुमची डिस्क जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेली आहे, ४:३, आणि वर-खालच्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या आहेत. नवा टीव्ही ते चित्र आडवं ताणून पडदा भरतो, म्हणून फारुख शेख पहिलवान दिसतो. रिमोटवर पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट असेल तिथे ४:३ करा, माणसं बारीक होतील, मग चारी बाजूंनी काळं दिसेल, मग झूम करा. झूम केल्यावर थोडं भुरकट होणार, कारण पालच्या ५७६ रेघांतल्या साधारण ४३० रेघांतच खरं चित्र आहे, बाकीच्या पट्ट्यांत वाया गेल्या. कंपनीने वाइड डिस्क केली असती तर सगळ्या ५७६ कामाला आल्या असत्या. आळस, दुसरं काही नाही.

आता दोन गोष्टी बघून सांगा. पिच्चर चालू असताना उजव्या वरच्या कोपऱ्यात अधूनमधून गोल ठिपका चमकतो का? आणि भिंती, शर्ट गुलाबी-लालसर वाटतात का?

जुना_गिरगावकर
ठिपका आहे! मला वाटलं डिस्क खराब आहे. गुलाबी... हो, आई म्हणाली सगळ्यांच्या घरी एकच रंग कसा मारलाय.

रीळमास्तर
ठिपका म्हणजे रीळ बदलायची खूण, ऑपरेटरने दुसरं मशीन चालू करावं म्हणून. म्हणजे यांनी निगेटिव्हवरून नाही, थिएटरात घासून आलेल्या प्रिंटवरून डीव्हीडी केलीय. आणि जुन्या रंगीत प्रिंटचा निळा-हिरवा रंग आधी उडतो, लाल राहतो. त्याचं घरी काही करता येत नाही, टीव्हीचा रंग दोन घर कमी करा, बास.

डिस्कवर हा एकच पिच्चर आहे ना?

जुना_गिरगावकर
नाही, दोन आहेत. टू इन वन होती म्हणून तर स्वस्त पडली. का?

रीळमास्तर
😩 हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं असतं. ४.७ जीबीची डिस्क, त्यात सव्वादोन-सव्वादोन तासांचे दोन पिच्चर, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वादोन मेगाबिट. एकच असता तर दुप्पट मिळाले असते. चाळीत कोणी जिन्यावरून पळालं की चौकोन चौकोन दिसतील, आणि प्रोजेक्टरवर आणखी मोठे. परत करा. एक पिच्चर एक डिस्क अशी मिळाली तर ती घ्या.

सूर_नवा_नाही
आणि ती रविवारपर्यंत येणार का? हीच ठेवा. भाच्याकडून बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मागा, लॅपटॉपवरून व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि प्रोजेक्टरला एचडीएमआय द्या, पिवळी वायर काढून टाका. कीबोर्डवर ए दाबत राहिलं की आस्पेक्ट बदलतो, सी ने पट्ट्या जातात, हालचालीत कंगव्याचे दात दिसले तर डी. वेग ०.९६ करा. आणि मास्तर, हे तुमच्यासाठी पण: वेग नुसता कमी करून सूर उतरत नाही, व्हीएलसी सूर धरून ठेवतं. प्रेफरन्समध्ये ऑडिओत टाइम-स्ट्रेचिंगची खूण काढावी लागते.

रीळमास्तर
माहीत होतं, लिहायचं राहिलं.

सूर_नवा_नाही
हो हो.

विंगेतून
अवांतर: फणसवाडीतले कोणी आहे का इथे? आमच्या तिसऱ्या मजल्याच्या संडासाला कडी नव्हती, आत गेलेला माणूस गाणं म्हणायचा म्हणजे बाहेरच्याला कळायचं. प्रत्येकाचं गाणं ठरलेलं.

मुलुंडची_मावशी
आमच्याकडे डबा वाजवायचे.

जुना_गिरगावकर
केलं सगळं. भाच्याचा ड्राइव्ह मिळाला. ०.९६ केलं, ती खूण पण काढली, बाबांना काही सांगितलं नाही, नुसतं गाणं लावलं. पेटी पुढ्यातच होती. दोन-तीन पट्ट्या चाचपल्या, मग एका ठिकाणी बोट ठेवून भाता मारत राहिले, गाणं संपेपर्यंत काढलंच नाही. मग म्हणाले "आता बरोबर आहे, नवीन कॉपी आणलीस ना?" मी हो म्हटलं.

मास्तर, चौकोन दिसतायत खरे, पळताना. पण परत करत नाही, बाबांना नवीन कॉपी सांगून बसलोय.

सूर_नवा_नाही
कुठल्या पट्टीत बसलं?

रीळमास्तर
सोमवारी मला निरोप करा, एकच पिच्चर असलेली डिस्क शोधून देतो. सातशेतली नाही.