अमेरिकेतलं बेरिया कॉलेज खरंच फुकट हाय का? बहिणीसाठी विचारतो

दारव्ह्याचा भाऊ:
राम राम मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. लहान बहीण यंदा बारावी सायन्स झाली, मार्क चांगले हायेत. तिनं मोबाईलवर केंटकीतल्या बेरिया कॉलेजबद्दल वाचलं अन् तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. म्हणते तिथं फीच नाही. एक एजंट भेटला तो नुसता फॉर्म भरून द्यायचे ८० हजार सांगते. बाबा म्हणते लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्सच ना, मंग सायन्स कायले घेतलं, आर्ट्स तं दारव्ह्यालेही होते. वरून तिथं पोरं झाडू बनवतात म्हणे. पोरीले झाडू बनवाले अमेरिकेत धाडू काय, असं त्याइचं म्हणणं. कोणाले खरं माहीत असन तं सांगा.

लेक्सिंग्टन रिटर्न:
भाऊ, एजंटला आधी ब्लॉक मारा, फॉर्म कॉलेजच्या साइटवरून पोरगी स्वतः भरू शकते.

मी लेक्सिंग्टनला दोन वर्षं होतो, तिथून दक्षिणेला साठेक किलोमीटरवर बेरिया, गाव आपल्या तालुक्याच्या गावाएवढंच. कॉलेजचं स्वतःचं हॉटेल आहे, बून टॅव्हर्न, १९०९ पासूनचं. तिथं जेवायला गेलो तर वाढणारी पोरगी फिजिक्सवाली निघाली, टेबलावर मक्याच्या पिठाचा गरमागरम स्पूनब्रेड वाढता वाढता सांगत होती की उद्या पेपर आहे. नाव ब्रेड पण दिसायला आपल्या शिऱ्यासारखा, चमच्यानेच खातात. तर काम सगळ्यांनाच करावं लागतं, आठवड्याला कमीत कमी दहा तास, कोणी लायब्ररीत, कोणी शेतावर, कोणी ऑफिसात, आणि त्याचे थोडे पैसेही मिळतात. झाडूचं वर्कशॉप खरंच आहे, १९२० पासून. बाबांना सांगा, तो झाडू ज्वारीच्याच एका जातीच्या तुऱ्यांचा असतो, आपल्या शिंदीच्या फड्यासारखा नाही 😄

आणि लिबरल आर्ट्स म्हणजे आपलं बीए नव्हे. फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर, नर्सिंग सगळं आहे, फक्त सोबत इतिहास, लिखाण हेही शिकवतात.

वर्धेकर मास्तर:
झाडूवर हसू नका राजेहो. १९३७ साली वर्ध्याला परिषद भरून नई तालीम निघाली, हातानं काम करत शिकायचं, आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. साताऱ्याकडं भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका चालवलं तेही तेच. बेरिया तर त्याच्याही आधीचं, १८५५ चं, जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकानं काढलेलं, काळे-गोरे अन् मुलं-मुली एकाच वर्गात. १९०४ मध्ये केंटकी सरकारनं कायदाच करून काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकण्यावर बंदी आणली, कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९०८ ला हरलं. १९५० पर्यंत तसंच चाललं. कायदा यायच्या आदल्याच वर्षी, १९०३ ला, तिथून बाहेर पडलेला कार्टर वुडसन पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक झाला.

फी नाही ती १८९२ पासून. पैसा येतो कुठून हा प्रश्न मलाही पडला होता, तर लोकांनी मृत्युपत्रात दिलेला पैसा १९२० पासून ते खर्चतच नाहीत, ठेवीत टाकतात. ती ठेव आता एक अब्ज डॉलरच्या वर आहे अन् तिच्या उत्पन्नावर बहुतेक गाडा चालते. मुद्दलाले हात न लावणारी संस्था मी तं आपल्याकडं पाहिली नाही, असो.

वऱ्हाडी ठेचा:
सगळं बरोबर, पण पोरीले खोटी आशा नका लावू. सगळ्या जगातून मिळून वर्षाला जेमतेम तीसेक पोरं घेतात, घरची परिस्थिती बेताची असलेलीच. ज्यांना घेतात त्यांचा पहिल्या वर्षाचा राहण्या-खाण्यासकट सगळा खर्च कॉलेज करते, पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत कमावून थोडा वाटा पोरांनी उचलायचा. इंग्रजीची परीक्षा आतापासून धरा, निबंध तिचा तिलाच लिहू द्या, कापसाबद्दल लिहिलं तरी चालते. व्हिसाचा इंटरव्ह्यू मुंबईला, त्याची फी अन् विमानाचं तिकीट आपल्याच खिशातून धरून चाला. अन् यवतमाळ-अमरावतीचे फॉर्म पण भरून ठेवा, उगाच वर्ष वाया नको.

दारव्ह्याचा भाऊ:
सगळ्याइले धन्यवाद. रात्री जेवताना बाबाले वाचून दाखवलं. कोर्टाचं ऐकून गप झाले, ठेवीचं दोनदा वाचाले लावलं. मंग विचारते, ज्वारीचा झाडू केवढ्याले विकते तिथं? लेक्सिंग्टनवाले दादा, तेवढं सांगाल का? तिकिटाचं तूर निघाल्यावर पाहू म्हणते.