खारीसाठी ठासणीची बंदूक: .३२ घेऊ की .३६?

मिसूरीकर: मंडळी, इथे अमेरिकेत ऑफिसातला दोस्त दर पानगळीत खारी मारायला नेतो, आता म्हटलं स्वतःचीच ठासणीची (तोंडातून दारू-गोळी भरायची) रायफल घ्यावी, नळी .३२ इंची की .३६ इंची? शेताच्या कडेला कधीमधी कायोटीपण (कोल्ह्यासारखा इथला प्राणी) दिसतो, त्याला चालेल का? आजोबांची कोकणातली केपाची बंदूक बघितलेली, तिच्यापुढे ही नळी म्हणजे पेन्सिलच वाटते.

केंटकीवाला: खारीला .३२ च रे. गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, २० ग्रेन (सव्वा ग्रॅमभर) बंदुकीची बारीक दारू पुरते, डोक्यातच मारायची, अंगात लागली की मांस नासतं. फक्त गोळी ठासायचा लाकडी गज फार बारीक असतो, मी घाईत तिरका जोर दिला, मोडला आणि चिरफळी तळहातात, तीन टाके! नळीच्या तोंडाजवळ गज धरून थोडा थोडा ढकल.

रानमामा: कायोटीचं विसर. .३६ ची गोळीसुद्धा सव्वाचार ग्रॅमच, जखमी होऊन पळेल बिचारा. त्याला .४५ घे, गोळी ८ ग्रॅमच्या वर, तेही ५० यार्डाच्या आतच. राज्याचे नियम बघून घे आधी.

सावंतवाडीचा: काळ्या दारूची राख ओल धरते, त्याच रात्री गरम पाणी-साबणाने नळी धू, मग तेल, नाहीतर गंज. आणि सुट्टीत गावी आलास की हा उत्साह तिकडेच ठेव, इथे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद.

मिसूरीकर: .३२ फायनल. आई फोनवर म्हणाली, रामाची खार मारतोस? म्हटलं, इथल्यांच्या पाठीवर बोटं नाहीत गं.