गल्ला एका देशाचा की शंभर देशांचा? ॲनिमेशनपटांचं यश मोजायचं कशात?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

हा वाद गेले कित्येक महिने डोक्यात घोळतोय, म्हणून धागाच काढतो.

२०२५ च्या जानेवारीअखेर चीनमध्ये 'ने झा २' हा चिनी पुराणकथेतल्या बालदेवावरचा सिनेमा लागला आणि बघता बघता जगातला सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट झाला. २ अब्ज डॉलरच्या वर. त्याआधी हा मान पिक्सार या अमेरिकी स्टुडिओच्या 'इनसाइड आउट २'कडे होता, जवळपास १.७ अब्ज डॉलर. पण कुठेही विषय काढा, लगेच समोरून येतं, "हो, पण सगळा पैसा चीनमधलाच ना!" जणू चीनमधली तिकिटं खोटी आणि बाकीच्यांची खरी.

माझं म्हणणं असं की "ॲनिमेशनला भाषा नसते, ते जगभर सारखंच चालतं" ही समजूतच मुळात चुकीची आहे. व्हिडिओ गेमवरून केलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चंच बघा. २०२३ मध्ये जगभर १.३६ अब्ज डॉलर, जपानमध्ये १४ अब्ज येन, आणि चीनमध्ये अगदीच फिका. कारण साधं आहे. चीनमध्ये २००० सालापासून चौदा-पंधरा वर्षं गेमच्या कन्सोलवर बंदी होती. ज्यांनी लहानपणी तो खेळ हातात धरलाच नाही, त्यांना त्या मिशीवाल्या प्लंबरचं कौतुक कुठून असणार?

प्रत्येक देश आपापल्या आठवणी घेऊन थिएटरात जातो. तेव्हा एका देशाने एखादा सिनेमा डोक्यावर घेतला, तर ते यश अस्सलच आहे. त्याला "फक्त" हा शब्द चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं.

आकडेमोड

असहमत, आणि ठामपणे असहमत.

चीनच्या तिकिटांना कोणी खोटं म्हणत नाही. प्रश्न वेगळा आहे. 'ने झा २'ची ९८ टक्क्यांहून जास्त कमाई चीनमधली. 'इनसाइड आउट २'ची अमेरिका-कॅनडात साधारण ६५ कोटी डॉलर, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त पैसा घराबाहेरचा. ज्यांचं हवामान, शाळा, आईबापांशी बोलण्याची रीत सगळंच वेगळं, अशा मुलांना एकच गोष्ट भिडली. माझ्या लेखी हे काम जास्त अवघड आहे.

आणि 'ने झा २'ला संधी मिळाली नाही असंही नाही. फेब्रुवारीत अमेरिकेत उपशीर्षकांसह लागला, २ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, प्रेक्षक मुख्यतः तिथले चिनी. मग ऑगस्टमध्ये अभिनेत्री मिशेल योचा आवाज घेऊन इंग्रजी डबिंगसह दोन हजारांहून जास्त थिएटरांत आणला. पहिल्या तीन दिवसांत जेमतेम १५ लाख डॉलर. दार उघडं होतं, लोक आत आले नाहीत.

निळी शाई

आकडेमोड यांच्याशी सहमत, आणि एक भर घालते. चीनचा बाजार मोकळा नाही. कमाईत वाटा मिळणाऱ्या परदेशी सिनेमांना २०१२ पासून वर्षाला ३४ चा कोटा आहे, आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत पडदे देशी सिनेमांकडेच असतात. त्या आठवड्यात अख्खं घरदार एकत्र थिएटरात जातं. समोर हॉलिवूडचा एकही मोठा सिनेमा नाही आणि घरी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मोकळे, अशा वेळी मिळालेल्या यशाची तुलना जूनमध्ये कितीतरी देशांत एकाच वेळी झुंजणाऱ्या सिनेमाशी कशी करायची?

शेवटची रांग

सुट्टीचा फायदा कोण घेत नाही? इंडोनेशियात २०२५ च्या ईदला 'जंबो' हा देशी ॲनिमेशनपट लागला आणि १ कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. तिथला तोवरचा सर्वाधिक पाहिलेला देशी सिनेमा ठरला, ॲनिमेशन असो वा नसो. हॉलिवूडवाले थँक्सगिव्हिंग आणि उन्हाळी सुट्ट्या धरतात, जपानमध्ये डोरेमॉन दर मार्चला आणि डिटेक्टिव्ह कोनान दर एप्रिलला ठरल्यासारखे येतात. सुट्टी प्रेक्षकाला दारापर्यंत आणते. दुसऱ्यांदा तिकीट काढायला लावते ती गोष्ट.

मला मात्र तुम्ही सगळे डॉलर का मोजताय हे कळत नाही. कोरिया आणि फ्रान्समध्ये सिनेमाचं यश डोकी मोजून सांगतात, म्हणजे किती तिकिटं फाटली ते. ही पद्धत जास्त प्रामाणिक आहे. उदाहरण देतो. 'एलिमेंटल' २०२३ मध्ये अमेरिकेत पडला म्हणूनच जाहीर झालं होतं. पहिल्या तीन दिवसांत ३ कोटी डॉलरसुद्धा नाहीत, आणि समीक्षकांनी पिक्सारचे दिवस भरले असं लिहून टाकलं. त्याच वेळी कोरियात तो आठवड्यागणिक वर चढत होता. शेवटी ७० लाखांहून जास्त कोरियन लोकांनी पाहिला. दिग्दर्शक पीटर सोन कोरियन स्थलांतरितांचा मुलगा. आईबापांनी परक्या शहरात दुकान चालवून पोराला वाढवलं, हे त्याने आगीच्या आणि पाण्याच्या पात्रांतून सांगितलं. कोरियन प्रेक्षकाला त्या आगीत आपली माणसं दिसली. सिनेमा शेवटी जवळपास ५० कोटी डॉलरवर गेला. अमेरिकेच्या पहिल्या वीकेंडवर निकाल लावणाऱ्यांनी तो केव्हाच पुरला होता.

आकडेमोड

'एलिमेंटल'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! घराबाहेर चालला म्हणूनच तरला.

तिकिटं मोजण्याचा मुद्दा मात्र मान्य, आणि त्यात आणखी एक खोच आहे. 'फ्रोझन'ने २०१४ मध्ये जपानमध्ये २५ अब्ज येन कमावले. तेव्हा १ डॉलरला साधारण १०० येन पडत, म्हणजे सुमारे २५ कोटी डॉलर. तेवढेच येन दहा वर्षांनी, डॉलर १५० येनवर असताना, कमावले असते तर १७ कोटीही भरले नसते. प्रेक्षक तेवढेच, हशा तेवढाच, आणि डॉलरमधलं यश एक तृतीयांशाने कमी. जागतिक याद्या वाचताना हे कोणी लक्षात घेत नाही.

शिवाय गल्ला म्हणजे निर्मात्याच्या हातात पडणारा पैसा नव्हे. अमेरिकेत तिकिटातला साधारण अर्धा स्टुडिओकडे येतो, चीनमधून परदेशी सिनेमाला २५ टक्के. त्यामुळे हॉलिवूडच्या सिनेमासाठी चीनमधले १० कोटी आणि घरचे १० कोटी यांत दुपटीचा फरक पडतो.

तिसरी घंटा

मग २५ टक्क्यांचं हे गणित चिनी सिनेमाला लागू नाही, हेही सांगून टाका. घरचा सिनेमा घरच्या गल्ल्यातला मोठा वाटा घरीच ठेवतो, आणि त्यातूनच पुढचा सिनेमा उभा राहतो. २००८ मध्ये 'कुंग फू पांडा' चीनमध्ये तुफान चालला, तेव्हा तिथे खूप चर्चा झाली: पांडा आपला, कुंग फू आपलं, मग सिनेमा अमेरिकेने का केला? २०१५ मध्ये माकडराजा सुन वुखोंगवरचा 'मंकी किंग: हीरो इज बॅक' आला. जाहिरातीला पैसा नव्हता, प्रेक्षकच एकमेकांना सांगत सुटले आणि तो ९५ कोटी युआनवर गेला. २०१९ मध्ये पहिला 'ने झा', ५ अब्ज युआन. मग हा दुसरा, १५ अब्जांच्या पुढे. सतरा वर्षांची वाट आहे ही. ती एका सुट्टीच्या आठवड्यावर टाकून देऊ नका.

जाता जाता एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून. ने झा हे नाव संस्कृतातल्या नलकूबरावरून बौद्ध ग्रंथांमार्गे चिनीत गेलं, असं अभ्यासक मानतात. हो, कुबेराचा मुलगा, भागवतात अर्जुनवृक्ष होऊन उभा राहिलेला तोच.

ओठमिटणी

नलकूबराबद्दल मनापासून धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

मी डबिंगच्या संहिता लिहिते, त्यामुळे "सिनेमा प्रवास करतो" म्हणजे काय होतं ते रोज बघते. चर्चेत हा भाग कुणी घेतलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एका सिनेमात अगदी जवळून घेतलेला चेहरा होता. आई मुलाला म्हणते, 'मेबी टुमॉरो'. सरळ भाषांतर 'कदाचित उद्या'. पण पडद्यावर तिचे ओठ तीनदा मिटतात, मे-ला, बी-ला आणि मॉ-ला. 'कदाचित उद्या'मध्ये ओठ एकदाही मिटत नाहीत. ऐकणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे असं वाटत राहतं. दुपारभर त्या एका ओळीवर बसलो. शेवटी सापडलं: 'बघू मग, उद्या जमेल.' ब, म आणि पुन्हा म. शिवाय आई खरंच असंच म्हणते. आवाज देणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच टेकला ओळ बसवली आणि काचेपलीकडे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

प्रत्येक भाषेत, हजारभर ओळींसाठी, हे कुणीतरी करतं. 'कुंग फू पांडा ३'मध्ये तर पात्रांची तोंडं मँडरिनसाठी नव्याने ॲनिमेट केली होती, आणि चीनमध्ये तो १ अब्ज युआनच्या घरात गेला. 'फ्रोझन' जपानमध्ये सलग सोळा वीकेंड पहिल्या क्रमांकावर राहिला, त्यात माट्सु टाकाकोच्या आवाजातल्या जपानी गाण्याचा केवढा तरी वाटा होता. लोक सोबत गाता यावं म्हणून भरवलेल्या खास खेळांना पुन्हा पुन्हा गेले.

सहा वर्षांचं मूल उपशीर्षकं वाचत नाही. ज्या भाषेत चांगलं डबिंग नाही, तिथे ॲनिमेशनपट मुलांपर्यंत पोचतच नाही, मग तो कितीही "वैश्विक" असो. म्हणून आकडेमोड, १५ लाख डॉलरवरून दार उघडं होतं असं मी म्हणणार नाही. मूळ सिनेमा सहा महिने जुना, आणि पहिला भाग तिथे फारसा कुणी पाहिलेला नाही. दुसऱ्या भागाला डबिंग करून गोष्टीची सुरुवात कशी कळणार?

निळी शाई

मग जपानी सिनेमांना हे कसं जमलं? 'डीमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल'ही मधल्याच भागातला. मालिका पाहिलेली नसेल तर काही कळणार नाही असा. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत पहिल्या वीकेंडला ७ कोटी डॉलर, आणि एकूण कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा जपानबाहेरचा. म्हणजे परकी गोष्ट, परकी नावं, मधला भाग, यातली एकही सबब चालत नाही.

शेवटची रांग

निळी शाई, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे: मालिका. ती आधी घरोघरी मोबाईलवर पोचली होती, डबिंगसकट. प्रेक्षक आधी तयार झाला, सिनेमा नंतर आला. याच्याआधीचा 'मुगेन ट्रेन' २०२० मध्ये जपानमध्ये ४० अब्ज येन कमावून गेला आणि त्याने 'स्पिरिटेड अवे'चा जवळपास वीस वर्षांचा विक्रम मोडला.

'स्पिरिटेड अवे'चीही मजा बघा. चीनमध्ये तो २०१९ मध्ये अधिकृतपणे लागला, जपानच्या अठरा वर्षांनंतर. लोकांनी तोवर तो घरी कितीदा तरी पाहिला होता. तरी त्याच आठवड्यात लागलेल्या 'टॉय स्टोरी ४'ला त्याने मागे टाकलं. जे लहानपणी छोट्या पडद्यावर पाहिलं ते मोठ्या पडद्यावर बघायला लोक आले.

आकडेमोड

हे पटलं. 'दार उघडं होतं' हे माझं वाक्य मागे घेतो. दार ऑगस्टमध्ये उघडलं, ओळख आधी कुणी करून दिली नव्हती.

मूळ मत मात्र सोडत नाही. 'कोको'ची गोष्ट मेक्सिकोची. मेक्सिकोत तो अमेरिकेच्या आधी लागला आणि तोवरचा तिथला सर्वाधिक कमाईचा सिनेमा झाला. तरी चीनने त्याला त्याच्या तिप्पट डॉलर दिले. गेलेल्यांच्या आठवणीचा तो मेक्सिकन सण चिनी प्रेक्षकाचा नाही, आणि तरी तो रडला. सिनेमाकडून मला हे हवं असतं.

तिसरी घंटा

चिनी प्रेक्षक रडला, कारण गेलेल्या पूर्वजांची आठवण ठेवणं ही त्याच्याही घरातली गोष्ट आहे. म्हणजे तोही आपलंच काहीतरी बघत होता.

भारतातला 'महावतार नरसिंह' घ्या. जुलै २०२५, पहिल्या दिवशी २ कोटीसुद्धा नाहीत, आणि शेवटी देशातच अडीचशे कोटींच्या आसपास. बाहेर फारसा गेला नाही. प्रल्हादाची गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांनी तो मोठा केला, एकाने दुसऱ्याला सांगून. आणि लॅटव्हियाचा 'फ्लो' घ्या. संवाद एकही नाही, खर्च ३५ लाख युरो, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केलेला. तो जगभर गेला, ऑस्कर घेऊन आला. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच: १९ लाखांच्या आतल्या देशात ३ लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात पाहिला, आणि त्याला मिळालेला गोल्डन ग्लोब रिगाच्या कलासंग्रहालयात ठेवला तेव्हा बघायला रांगा लागल्या.

शेवटची रांग

ओठमिटणी, एक विचारायचं राहिलं. 'ने झा २' तुम्ही मूळ मँडरिनमध्ये पाहिलात का? धंद्याच्या नजरेने कसा वाटला?

ओठमिटणी

पाहिला, उपशीर्षकांसह. त्यातला गुरू तायी चीनच्या सिचुआन प्रांतातल्या बोलीच्या ढंगात बोलतो. दिग्दर्शक ज्याओझी स्वतः सिचुआनचा, स्टुडिओही तिथलाच, छंगदूचा. माझ्या पुढच्या रांगेत एक चिनी कुटुंब होतं, तीन पिढ्यांचं. तायीने तोंड उघडलं की आजी आधी हसायची, मग तिच्याकडे बघून नात. मी खाली अक्षरं वाचत होते आणि तिथे एक साधं, नीटनेटकं वाक्य होतं. ते उच्चार कुठल्या बोलीत बसवायचे याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होते. अजून सापडलेलं नाही.