ख्रिस स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर' आला मे मध्ये आणि नंबर १ झाला नोव्हेंबरमध्ये, हे कसं काय?

निवांत_श्रोता
कंट्री म्युझिक आत्ताआत्ताच ऐकायला लागलोय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. 'ट्रॅव्हलर' हा ख्रिस स्टेपलटनचा पहिला अल्बम ५ मे २०१५ ला आला, तेव्हा बिलबोर्ड २०० वर (अमेरिकेतला अल्बमचा साप्ताहिक चार्ट) १४ व्या नंबरवर होता, मग हळूहळू चार्टवरून गायबच झाला. आणि नोव्हेंबरमध्ये एकदम डायरेक्ट नंबर १?? मधे काही नवीन व्हर्जन वगैरे काढलं होतं का? की एखादं गाणं व्हायरल झालं?

स्टीलगिटार
नवीन काहीच काढलं नव्हतं, तोच अल्बम, तीच १४ गाणी. ४ नोव्हेंबरला नॅशव्हिलमध्ये सीएमए अवॉर्ड्स (कंट्री म्युझिक असोसिएशनचे) होते, त्यात स्टेपलटन आणि पॉपस्टार जस्टिन टिम्बरलेक दोघांनी स्टेजवर याच अल्बममधलं 'टेनेसी व्हिस्की' आणि मग टिम्बरलेकचं 'ड्रिंक यू अवे' म्हटलं. टीव्हीवर बघणाऱ्या कितीतरी लोकांनी या दाढीवाल्या माणसाचं नावही ऐकलेलं नव्हतं. वर त्याच रात्री त्याला तीन अवॉर्ड, अल्बम ऑफ द इयर, मेल व्होकलिस्ट आणि न्यू आर्टिस्ट. लोकांनी शो बघता बघता अल्बम विकत घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या चार्टवर पावणेदोन लाखांच्या वर युनिट. चार्टमधून बाहेर पडलेला अल्बम परत येताना थेट १ नंबरवर आला असं बिलबोर्ड २०० वर पहिल्यांदाच झालं, आणि दोन आठवडे टिकला.

जुनी_रेकॉर्ड
सगळे टिम्बरलेकला क्रेडिट देतात ते मला कधीच पटत नाही. स्टारसोबत स्टेजवर गायलेले ढिगाने आहेत, त्यातल्या किती जणांचे अल्बम असे वर गेले? ते आठ मिनिटांचं गाणं परत बघा, टिम्बरलेक मजा घेतोय पण आवाजाने हॉल कोण गदगदा हलवतोय ते दिसतं.

आणि "पहिला अल्बम" हे पण जरा जपून. सोलो पहिला, बरोबर, पण माणूस काही नवखा नव्हता. आधी द स्टीलड्रायव्हर्स नावाच्या ब्लूग्रास (बँजो-फिडलवालं पारंपरिक अमेरिकन संगीत) बँडचा मुख्य गायक होता, शिवाय वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत होता. जॉश टर्नरचं 'युअर मॅन', केनी चेस्नीचं 'नेव्हर वॉन्टेड नथिंग मोर', ल्यूक ब्रायनचं 'ड्रिंक अ बीअर', ही सगळी नंबर १ गाणी लिहिण्यात याचा हात आहे. २०१३ मध्ये स्वतःचं सिंगल काढलं तर ते रेडिओवर आपटलं आणि पुढचा अल्बम बारगळला. त्याच वर्षी वडील गेले. मग बायकोबरोबर ॲरिझोनामधून एक जुनी जीप घेऊन रस्त्याने नॅशव्हिलपर्यंत आला आणि त्या प्रवासात 'ट्रॅव्हलर' हे गाणं लिहिलं. अशा माणसाला "न्यू आर्टिस्ट" अवॉर्ड म्हणजे गंमतच 😄

निवांत_श्रोता
@स्टीलगिटार युनिट म्हणजे विकलेल्या कॉप्याच ना?

स्टीलगिटार
पूर्ण नाही. २०१४ च्या डिसेंबरपासून बिलबोर्ड २०० मध्ये १० गाण्यांचे डाउनलोड मिळून एक अल्बम धरायला लागले, आणि तेव्हाच्या नियमाने १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. पण या केसमध्ये बहुतेक आकडा खरोखर विकत घेतलेल्या अल्बमचाच होता. स्ट्रीमिंगची खरी कमाल नंतर दिसली, कारण 'टेनेसी व्हिस्की' रेडिओला सिंगल म्हणून रीतसर कधी दिलंच नव्हतं आणि तरी ते हॉट कंट्री साँग्जवर १ नंबरला गेलं (त्या चार्टमध्ये डाउनलोड आणि स्ट्रीम पण मोजतात), पुढे तर डायमंड झालं म्हणजे १ कोटी युनिट. रेडिओला दिलेलं 'नोबडी टू ब्लेम' मात्र एअरप्ले चार्टवर (फक्त रेडिओ मोजणाऱ्या) जेमतेम टॉप १० मध्ये पोचलं. म्हणजे रेडिओवाले मागे आणि लोक पुढे.

बँजो_बँजो
एक ॲड करतो, 'टेनेसी व्हिस्की' त्याचं स्वतःचं नाही हं. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्हने लिहिलेलं, आधी डेव्हिड ॲलन कोने १९८१ मध्ये गायलं आणि १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने, त्याचं कंट्री चार्टवर २ नंबरपर्यंत गेलं होतं. जोन्सचं ऐकलं तर चाल पार वेगळी, साधी सरळ कंट्री, आणि स्टेपलटनने तेच धीमं करून गायिका एटा जेम्सच्या सोल संगीताच्या वळणावर नेलंय. कंट्री न ऐकणाऱ्यांना पण ते आवडतं ते बहुतेक त्यामुळेच. प्रोड्यूसर डेव्ह कॉबने आरसीए स्टुडिओ ए मध्ये रेकॉर्ड केलं, फार चकचकीत केलं नाही, आणि मागे जो बाईचा आवाज येतो ती त्याची बायको मॉर्गन.

@निवांत_श्रोता चार्ट सोड आता, आधी जोन्सचं ऐक, मग लगेच स्टेपलटनचं, आणि हेडफोन लाव.