मूत्रपिंडाच्या विक्रीला सरकारी नियंत्रणाखाली परवानगी द्यावी का?

धागाकर्ता :
पैसे घेऊन मूत्रपिंड देणे हा बहुतेक सर्व देशांत गुन्हा आहे. तरीही जगभरातील मूत्रपिंड प्रत्यारोपणांपैकी 5 ते 10 टक्क्यांमागे खरेदी-विक्री असावी, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने 2007 च्या सुमारास मांडला होता. इराणने मात्र 1988 पासून वेगळी वाट धरली. तिथे रुग्णांची संघटना देणाऱ्याची व घेणाऱ्याची गाठ घालून देते, सरकार ठरावीक रक्कम आणि एक वर्षाचा आरोग्यविमा देते, वरचे पैसे घेणाऱ्याकडून किंवा धर्मादाय संस्थेकडून येतात, आणि परदेशी रुग्णाला इराणी माणसाचे मूत्रपिंड घेता येत नाही. भारतानेही अशी व्यवस्था आणावी, असे माझे ठाम मत आहे. माझा धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसवर असतो. फिस्टुलाला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीला) धक्का लागू नये म्हणून लोकलच्या गर्दीत तो डावा हात छातीशी धरून उभा राहतो, आणि उन्हाळ्यातही पाणी मोजूनच पितो. वडिलांना मधुमेह आहे आणि आईचा रक्तगट जुळत नाही. आमच्यासारख्यांनी नेमके काय करावे?

अस्मिता :
तुमच्या भावाची स्थिती मी समजू शकते. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी रोज असे रुग्ण पाहते. पण विकणाऱ्याच्या घरात पुढे काय होते, तेही पाहायला हवे. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या 305 जणांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास 2002 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यांतील 96 टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी विक्री केली होती. हाती सरासरी 1,070 डॉलर आले, पुढे कुटुंबाचे उत्पन्न एक तृतीयांशाने घटले, आणि कर्जासाठी विकलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक मुलाखतीच्या वेळीही कर्जातच होते. मूत्रपिंड गेले आणि सावकार तसाच राहिला. त्याहून गंभीर बाब मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी नोंदवली आहे : चेन्नईच्या ज्या वस्त्यांत ही विक्री रुळली, तिथे सावकारांचा तगादाही वाढला, कारण ऋणकोकडे विकण्यासारखे आणखी काहीतरी आहे हे त्यांना कळून चुकले होते. सरकारने उद्या चांगला भाव ठरवून दिला, तरी सावकाराच्या वहीत त्या भावाची नोंद तारण म्हणूनच होईल, आणि जो माणूस आज विकायला तयार नाही त्याच्यावरही घरातून, दारातून दबाव येईल. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मग कागदावरच राहतो.

धागाकर्ता :
आपण दिलेले आकडे काळ्या बाजाराचे आहेत. याच अभ्यासात विक्रेत्यांना कबूल केलेली रक्कम सरासरी 1,400 डॉलरच्या वर होती. मधली रक्कम दलालांनी आणि दवाखान्यांनी दाबली. आपल्याकडे 1994 पासून कायदा आहे, 2011 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि 20 लाख ते एक कोटी रुपये दंड इतकी कडक झाली. पण त्या कायद्यात पैसे घेणाराही गुन्हेगार ठरतो. त्यामुळे फसवला गेलेला विक्रेता पोलीस ठाण्याची पायरी कशी चढणार?

माधव :
मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. बंदीने धंदा थांबत नाही, फक्त गाव बदलतो. 2008 मध्ये गुडगावचे रॅकेट उघडकीस आले, तेव्हा सूत्रधार नेपाळमध्ये सापडला. त्याच नेपाळमधील काव्रे जिल्ह्यातल्या होक्से गावातून माणसे भारतात आणून त्यांची मूत्रपिंडे काढली गेली. 2015 मध्ये अकोल्यात सावकारी पाशातल्या माणसांना श्रीलंकेला नेल्याचे प्रकरण निघाले. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहराच्या प्रकरणात इस्रायली रुग्ण आणि ब्राझीलचे गरीब विक्रेते होते. हे सर्व बंदी असतानाच घडले.

अस्मिता :
माधवराव, मग जिथे बंदी नाही तिथे काय झाले तेही पाहा. इराणमध्येच केरमानशाह शहरात 300 विक्रेत्यांशी बोलून केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा संधी मिळाली तर आपण हे करणार नाही, असे त्यांतील बहुसंख्यांनी सांगितले. तेहरानमध्ये रुग्णालयांजवळच्या भिंतींवर लोक आजही रक्तगट आणि फोन नंबर लिहून जातात, म्हणजे अधिकृत वाट असूनही बाहेरचा सौदा सुटलेला नाही. विक्रेत्याला शिक्षा नको, हे धागाकर्त्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. तेवढी दुरुस्ती विक्री कायदेशीर न करताही होऊ शकते. माझा आग्रह मेंदूमृत व्यक्तींच्या, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबलेल्या पण यंत्राच्या आधाराने हृदय चालू असलेल्यांच्या, अवयवदानावर आहे. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत्यूनंतर अवयव देणारे चाळीसहून अधिक दाते मिळतात, भारतात एकही धड मिळत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू घोषितच केला जात नाही, नातेवाइकांना विचारायला प्रशिक्षित समन्वयक नसतो, आणि हे सर्व सुधारण्याऐवजी आपण गरिबाच्या कुशीकडे पाहतो. धागाकर्ते, तोवर तुमच्या आईसाठी अदलाबदल प्रत्यारोपणाचा, म्हणजे रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांतील दात्यांनी एकमेकांच्या रुग्णांना मूत्रपिंड देण्याचा, मार्ग आहे. 2011 च्या कायदादुरुस्तीने तो कायदेशीर झाला.

धागाकर्ता :
अदलाबदलीसाठी नाव नोंदवलेले आहे. भाऊ ओ गटाचा, आई बी गटाची. ओ गटाचा दाता बहुधा आपल्याच माणसाला थेट देऊ शकतो, म्हणून तो या यादीत क्वचितच येतो. हे आम्हाला रुग्णालयातच समजावून सांगितले गेले. स्पेनसारखी व्यवस्था इथे उभी राहावी असे मलाही वाटते. पण तिला लागणारी वर्षे भावाकडे आहेत का, हे मला कोणी सांगत नाही, आणि म्हणून माझे मत बदललेले नाही.

अस्मिता :
रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण होते. परक्या रक्तगटावर हल्ला करणारी रक्तातील प्रतिपिंडे आधी प्लाझ्माफेरेसिसने (रक्तद्रव यंत्रातून गाळून किंवा बदलून) कमी करावी लागतात. खर्च बराच वाढतो आणि संसर्गाचा धोकाही. आईच्या बाकीच्या तपासण्या ठीक असतील, तर नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) हा प्रश्न याच आठवड्यात विचारा. खर्चासाठी धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांचे अर्ज कसे करायचे, ते मी व्यक्तिगत निरोपातून कळवते.